ब्राउझर वॉलेट, स्टेकिंग आणि विकेंद्रित अ‍ॅप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः इथेरियम नेटवर्क (त्याचे मूळ नाणे म्हणजे इथर) आणि त्यावर वापरल्या जाणाऱ्या मेटामास्कसारख्या ब्राउझर वॉलेटविषयी आहे. क्रिप्टो घ्यावे की घेऊ नये, याचा सल्ला येथे मिळणार नाही. ज्यांनी ते आधीच घेतले आहे आणि जे आता एक्स्चेंजमधून बाहेर पडून स्वतःच्या वॉलेटमधून स्टेकिंग (नाणी तारण ठेवून मोबदला मिळवणे) करू पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. या सगळ्या व्यवहारात सही करण्याचा क्षण सर्वांत महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच सर्वांत घाईने उरकला जातो, म्हणून खालच्या उत्तरांमध्ये त्या क्षणाला सर्वाधिक जागा दिली आहे.

ब्राउझर वॉलेट एक्स्टेन्शन म्हणजे नेमके काय?

क्रोम, फायरफॉक्स, ब्रेव्ह किंवा एज या ब्राउझरमध्ये बसवला जाणारा हा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तुमच्या खासगी किल्ल्या तो सांकेतिक रूपात तुमच्याच संगणकावर जपून ठेवतो. एखाद्या संकेतस्थळाने व्यवहाराची मागणी केली की तो ती तुमच्यापुढे मांडतो, आणि तुम्ही होकार दिलात की त्या व्यवहारावर डिजिटल सही करून तो नेटवर्ककडे पाठवतो. कन्सेन्सिस कंपनीने २०१६ मध्ये आणलेले मेटामास्क हे यातले सर्वांत परिचित नाव आहे. सोलानासाठी फँटम आणि कॉसमॉससाठी केप्लर ही एक्स्टेन्शने अधिक वापरली जातात.

मग माझे इथर त्या एक्स्टेन्शनमध्ये साठवलेले असते का?

नाही. कोणत्या पत्त्यावर किती इथर आहे याची नोंद ब्लॉकचेनवर असते आणि ती जगभरातील हजारो संगणकांवर एकसारखी असते. एक्स्टेन्शनजवळ असते ती फक्त त्या पत्त्यावरून व्यवहार करण्याची किल्ली. त्यामुळे लॅपटॉप बिघडला किंवा एक्स्टेन्शन काढून टाकले तरी इथर जागच्या जागी राहते आणि दुसऱ्या संगणकावर सीड फ्रेज (किल्ल्या परत मिळवून देणारे शब्द) टाकून ते पुन्हा ताब्यात घेता येते. हेच उलट बाजूनेही खरे आहे. ज्याच्या हाती ती किल्ली किंवा सीड फ्रेज पडली, तो तुमच्या संगणकाला हातही न लावता सर्व शिल्लक उचलू शकतो, आणि तो व्यवहार वॉलेट बनवणारी कंपनी, बँक किंवा न्यायालय यांपैकी कोणालाही ब्लॉकचेनवर उलटवता येत नाही.

एक्स्टेन्शन कोठून घ्यावे?

सर्च इंजिनमध्ये वॉलेटचे नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारा दुवा अनेकदा जाहिरात असतो, आणि बनावट वॉलेटवाल्यांनी अशा जाहिराती आजवर वारंवार दिल्या आहेत. म्हणून वॉलेटच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तेथे जावे आणि तिथूनच ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरकडे जावे. स्टोअरच्या पानावर प्रकाशकाचे नाव आणि वापरकर्त्यांची संख्या पाहावी. लाखो लोक वापरत असलेल्या वॉलेटच्या पानावर काही शेकडाच वापरकर्ते दिसत असतील, तर ते बनावट आहे असे समजावे.

शक्य असल्यास वॉलेटसाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल तयार करावे आणि त्यात दुसरे एकही एक्स्टेन्शन ठेवू नये. कूपन शोधून देणारी, व्याकरण तपासणारी किंवा व्हिडिओ उतरवून देणारी एक्स्टेन्शने बहुधा 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची' परवानगी घेतात, म्हणजे तुम्ही ज्या स्टेकिंगच्या पानावर पत्ता आणि रक्कम पाहत आहात, ते पानच त्यांना बदलता येते. कार्यालयाचा लॅपटॉप, सायबर कॅफे आणि दूरवरून पडदा दाखवणारे अ‍ॅप चालू असलेला संगणक ही तीन ठिकाणे या कामासाठी पूर्णपणे वर्ज्य मानावीत.

सीड फ्रेज कशी जपावी?

सीड फ्रेज म्हणजे २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरावीक यादीतून निवडलेले १२ किंवा २४ शब्द. ते ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने लागतात, आणि शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांची पडताळणी दडलेली असल्यामुळे कोणतेही १२ शब्द एकापुढे एक लिहून चालत नाही.

ती कागदावर पेनाने लिहावी, दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. फोटो काढू नये, स्वतःला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, गुगल ड्राइव्हवर किंवा ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवू नये. कोणाला सहज कळू नये म्हणून ती देवनागरीत लिहून ठेवण्याची युक्ती काही जण करतात, पण तीही टाळावी. देवनागरीत 'वेअर' एवढेच लिहिलेले असले, तर कपडे घालणे या अर्थाचा शब्द की 'कुठे' या अर्थाचा, हे वर्षभरानंतर तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि हे दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. शब्द रोमन लिपीत, सुट्या अक्षरांत आणि क्रमांक घालून लिहावेत. यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे निदान तेवढी अक्षरे तरी निःसंशय वाचता आली पाहिजेत.

सीड फ्रेज टाकण्याची वेळ एकदाच येते: तुम्ही स्वतः नवीन उपकरणावर वॉलेट परत मिळवत असताना. 'वॉलेट पडताळणी', 'मायग्रेशन', 'एअरड्रॉप' किंवा 'ग्राहक सेवा' अशी कोणतीही सबब सांगून जो ती मागतो, तो चोर असतो. या नियमाला अपवाद नाही.

पासवर्ड विसरलो, तर पैसे गेले का?

नाही. पासवर्ड फक्त त्या एका संगणकावरील किल्ल्यांचे कुलूप उघडतो. सीड फ्रेज हाताशी असेल, तर एक्स्टेन्शन नव्याने बसवून नवा पासवर्ड ठेवता येतो. सीड फ्रेज हरवली असेल आणि पासवर्ड लक्षात असेल, तर आजच सेटिंग्जमध्ये जाऊन ती पुन्हा पाहावी व लिहून घ्यावी. दोन्ही हरवल्यास उपाय उरत नाही.

'कनेक्ट', 'साइन', 'अप्रूव्ह' आणि 'कन्फर्म' यांत फरक काय?

सर्व खिडक्या दिसायला सारख्या असतात, बटणाचा रंगही तोच असतो, पण प्रत्येक बटणाचा परिणाम वेगळा असतो.

'कनेक्ट' केल्यावर संकेतस्थळाला तुमचा पत्ता कळतो. ब्लॉकचेन सार्वजनिक असल्याने पत्त्यावरून तुमची शिल्लक आणि जुने व्यवहारही दिसतात, परंतु एवढ्याने कोणी पैसे हलवू शकत नाही.

'साइन' म्हणजे एखाद्या मजकुरावर सही करणे. अनेक विकेंद्रित अ‍ॅप्स (ब्लॉकचेनवर चालणारी अ‍ॅप्स) लॉगिनसाठी अशी सही मागतात. त्या मजकुरात संकेतस्थळाचे नाव आणि वेळ साध्या इंग्रजीत लिहिलेली असते आणि तो सहसा निरुपद्रवी असतो. मात्र सहीच्या नावाखाली दुसराही एक मजकूर पुढे येऊ शकतो, ज्याने टोकन (ब्लॉकचेनवरील इतर नाणी) खर्च करण्याचा अधिकार दुसऱ्याला मिळतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

'अप्रूव्ह' म्हणजे तुमच्या पत्त्यावरील विशिष्ट टोकन, विशिष्ट मर्यादेपर्यंत, विशिष्ट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला) उचलू देण्याची परवानगी. पैसे त्या क्षणी हलत नाहीत, आणि म्हणूनच ही पायरी फसवी आहे. शिल्लक जशीच्या तशी दिसते, माणूस निश्चिंत होतो, आणि परवानगी महिनोन्‌महिने जिवंत राहते.

'कन्फर्म' केल्यावर प्रत्यक्ष व्यवहार नेटवर्ककडे जातो. त्या खिडकीत पाहायच्या गोष्टी म्हणजे कोणत्या पत्त्याशी व्यवहार आहे, तुमच्याकडून काय जाणार आहे आणि तुमच्याकडे काय येणार आहे. अलीकडची वॉलेट्स व्यवहाराचा अंदाजे परिणाम सही करण्यापूर्वीच दाखवतात. 'जाणार' या बाजूला काही आहे आणि 'येणार' ही बाजू रिकामी आहे, असे दिसल्यास नाकारण्याचे बटण दाबावे.

परवानगीच्या खिडकीत एवढा मोठा आकडा का दिसतो?

ईआरसी-२० या इथेरियमवरील प्रचलित प्रकारच्या टोकनांची परवानगी मागताना अनेक अ‍ॅप्स तुमच्याकडे आहे त्यापेक्षा कितीतरी मोठी मर्यादा मागतात. ११५७९२०८९२ असा सुरू होणारा ७८ अंकी आकडा दिसला, किंवा मर्यादेच्या रकान्यात 'अनलिमिटेड' असे लिहिलेले दिसले, तर त्याचा अर्थ एकच आहे: आज असलेले आणि पुढे कधीही त्या पत्त्यावर येणारे ते सर्व टोकन उचलण्याचा अधिकार तुम्ही देत आहात. दरवेळी नव्या परवानगीचे गॅस शुल्क (नेटवर्कला द्यावे लागणारे व्यवहाराचे शुल्क) वाचावे म्हणून प्रामाणिक अ‍ॅप्सही असे करतात, पण ही सोय कोऱ्या धनादेशावर सही करून देण्यासारखी आहे आणि तो धनादेश कोणाच्या हाती जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही.

मेटामास्कमध्ये हा आकडा बदलता येतो. १०० टोकन वापरायचे असतील, तर मर्यादेत १०० लिहावे. पुढच्या वेळी पुन्हा शुल्क पडेल, तो खर्च सोसावा.

दिलेल्या परवानग्या कशा रद्द करायच्या?

इथेरियमवरील व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावर टोकन परवानग्या तपासण्याचे पान आहे, आणि रिव्होक डॉट कॅश हे संकेतस्थळ याच कामासाठी आहे. तेथे पत्ता टाकला की कोणत्या कॉन्ट्रॅक्टला कोणत्या टोकनाची किती परवानगी आहे, याची यादी दिसते. रद्द करणे हाही ब्लॉकचेनवरील व्यवहार असल्यामुळे त्याला शुल्क लागते. संकेतस्थळ 'डिसकनेक्ट' केले म्हणजे परवानगी गेली, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. डिसकनेक्ट केल्याने संकेतस्थळाला तुमचा पत्ता दिसणे थांबते, पण कॉन्ट्रॅक्टला दिलेला अधिकार तसाच राहतो. सीड फ्रेजच फुटली असेल, तर परवानग्या रद्द करण्यात वेळ घालवू नये. उरलेली शिल्लक नव्या सीड फ्रेजच्या नव्या पत्त्यावर हलवावी.

सहीला गॅस शुल्क लागत नाही, मग ती निर्धोक असते ना?

हा या पानावरील सर्वांत धोकादायक गैरसमज आहे. 'परमिट' नावाच्या पद्धतीत तुम्ही व्यवहार न करता केवळ सही करून टोकन उचलण्याची परवानगी देऊ शकता. ती सही मग दुसरा कोणीही, स्वतः शुल्क भरून, ब्लॉकचेनवर सादर करू शकतो. खिडकीत काही ओळी दिसतात: मालक म्हणून तुमचा पत्ता, खर्च करणारा म्हणून दुसरा पत्ता, रक्कम, क्रमांक आणि अंतिम मुदत. लॉगिनसाठी आलेल्या सहीत 'स्पेंडर' हा शब्द येण्याचे काहीही कारण नाही. तो दिसला, त्याच्यापुढे अनोळखी पत्ता असला आणि मुदत कित्येक वर्षांनंतरची असली, तर समोर काय चालले आहे हे स्पष्ट आहे. शुल्क पडत नाही म्हणून व्यवहारांच्या यादीतही ही सही दिसत नाही, आणि पैसे जाईपर्यंत कसलीच खूण मागे राहत नाही.

संकेतस्थळ जुने आणि नावाजलेले असेल, तरीही एवढे वाचायचे का?

होय, आणि त्याची कारणे घडलेल्या घटनांमध्ये आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या प्रकल्पातून सुमारे १२ कोटी डॉलर गेले. त्यांचे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट शाबूत होते. हल्लेखोरांनी संकेतस्थळाच्या पानात आपला कोड घुसवला होता आणि तो कोड वापरकर्त्यांकडून नेहमीच्या व्यवहारांच्या अधेमधे परवानग्या गोळा करत होता. पुरेशा परवानग्या जमल्यावर मग एका झटक्यात टोकन उचलले गेले. १४ डिसेंबर २०२३ रोजी लेजर या वॉलेट उपकरणे बनवणाऱ्या कंपनीच्या कनेक्ट किट या, वॉलेट संकेतस्थळाला जोडून देणाऱ्या घटकात, तो ज्या अनेक संकेतस्थळांवर वापरला जात होता त्या सर्वांवर एकाच वेळी, घातक कोड पोहोचला. परवानग्या रद्द करण्यासाठी लोक ज्याकडे धाव घेतात, ते रिव्होक डॉट कॅशही त्या दिवशी बाधित झाले होते.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली, तेव्हा पडद्यावर दिसलेली माहिती आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीने सांगितले. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरचे इथर गेले तेही याच मार्गाने: सही करणाऱ्यांना पान योग्य दिसत होते आणि सही मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होत होती.

एक्स्टेन्शनही याला अपवाद नाही. ब्राउझर त्यांना आपोआप अद्ययावत करतो, त्यामुळे कंपनीच्या बाजूला चोर शिरला तर तो थेट तुमच्या संगणकावर येतो. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रस्ट वॉलेटच्या क्रोम एक्स्टेन्शनच्या एका आवृत्तीत असाच कोड शिरला आणि वापरकर्त्यांचे लाखो डॉलर गेले. त्यांना भरपाई देण्याचे कंपनीने जाहीर केले.

मग हार्डवेअर वॉलेट घ्यावे का?

जी रक्कम गमावल्यास झोप उडेल, तेवढ्या रकमेसाठी नक्कीच घ्यावे. लेजर किंवा ट्रेझर यांसारखे उपकरण मेटामास्कला जोडता येते. तेव्हा किल्ली उपकरणातच राहते, एक्स्टेन्शन फक्त व्यवहार मांडते, आणि उपकरणाचे बटण दाबल्याशिवाय सही होत नाही. वर सांगितलेल्या एक्स्टेन्शनच्या हल्ल्यासारख्या प्रसंगी यानेच बचाव होतो. मात्र उपकरणाच्या लहानशा पडद्यावर व्यवहाराचा अर्थ उलगडून न दिसता केवळ सांकेतिक अक्षरे दिसत असतील आणि तरीही तुम्ही बटण दाबले, तर उपकरण असून नसल्यासारखे आहे. बायबिटच्या सह्या हार्डवेअर वॉलेटनेच झाल्या होत्या.

अ‍ॅप्स वापरून पाहण्यासाठी एक पत्ता आणि साठवणुकीसाठी वेगळा, शक्य तर हार्डवेअरवरील पत्ता, ही विभागणी आम्हाला सर्वांत उपयोगाची वाटते. साठवणुकीच्या पत्त्यावरून नव्या संकेतस्थळाला कधीही जोडून घेऊ नये.

गॅस शुल्क किती पडते?

साध्या हस्तांतरणाला २१,००० एकक गॅस लागतो. दर २० ग्वे (एक ग्वे म्हणजे इथरचा अब्जावा भाग) असेल, तर ०.०००४२ इथर. स्टेकिंगच्या व्यवहारात कॉन्ट्रॅक्टला जास्त काम असते, म्हणून शुल्क काही पटींनी वाढते. ते नेहमी त्या नेटवर्कच्या मूळ नाण्यात द्यावे लागते, त्यामुळे सर्व इथर स्टेक करून टाकू नये. परत काढायच्या वेळी शुल्कापुरतेही इथर नसल्याने अडकून पडणारे लोक बरेच आहेत.

इथेरियमचे स्टेकिंग म्हणजे काय, आणि माझ्याकडे ३२ इथर नाहीत, तर?

१५ सप्टेंबर २०२२ पासून इथेरियमवर मायनिंग बंद झाले. आता व्हॅलिडेटर आपले इथर तारण ठेवतात, ब्लॉकची पडताळणी करतात आणि त्याचा मोबदला मिळवतात. एका व्हॅलिडेटरसाठी किमान ३२ इथर लागतात. एवढे इथर आणि सतत चालू ठेवता येणारा संगणक ज्याच्याकडे आहे, तो इथेरियमच्या लाँचपॅड या संकेतस्थळावरून ब्राउझर वॉलेटच्या मदतीने थेट ठेव भरू शकतो. तेव्हा पैसे परत येण्याचा जो पत्ता नोंदवला जातो तो नंतर बदलता येत नाही, म्हणून तेथे एक्स्चेंजचा पत्ता मुळीच देऊ नये.

बाकीच्यांसाठी सामायिक स्टेकिंग आहे, म्हणजे अनेकांचे इथर एका पूलमध्ये एकत्र करून स्टेक करणे. लिडोमध्ये इथर भरल्यावर एसटीइथ आणि रॉकेट पूलमध्ये भरल्यावर आरइथ नावाचे टोकन मिळते. एसटीइथची संख्या मोबदल्यानुसार साधारणपणे रोज थोडी वाढते, तर आरइथची संख्या तीच राहून त्याची इथरमधील किंमत वाढत जाते. लिडो मोबदल्यातून १० टक्के शुल्क कापते. एकेकाळी स्टेक केलेल्या एकूण इथरपैकी जवळपास एक तृतीयांश इथर एकट्या लिडोमार्फत होते, आणि नेटवर्कच्या आरोग्यासाठी ही गोष्ट चांगली नाही असे आमचे मत आहे, म्हणून लहान पूलही अवश्य पाहावेत.

प्रत्यक्ष पायऱ्या कशा असतात?

लिडोचे उदाहरण घेऊ. संकेतस्थळाला वॉलेट जोडले, ०.५ इथर असा आकडा टाकला आणि स्टेक करण्याचे बटण दाबले, की एकच खिडकी उघडते. तीत ०.५ इथर आणि शुल्क जाणार असल्याचे आणि एसटीइथ येणार असल्याचे दिसते. येथे परवानगीची खिडकी येत नाही, कारण इथर हे नेटवर्कचे मूळ नाणे आहे, ते ईआरसी-२० टोकन नव्हे. ते व्यवहारासोबतच जाते. इथर स्टेक करताना कोणी आधी 'अप्रूव्ह' मागितले, आणि तेही तुमच्याकडील डॉलरशी बांधलेल्या टोकनाचे, तर तुम्ही बनावट पानावर आहात.

परत काढताना क्रम बदलतो. तेव्हा एसटीइथ कॉन्ट्रॅक्टच्या स्वाधीन करायचे असते, म्हणून त्या रकमेपुरती परवानगी किंवा परमिट सही मागितली जाणे योग्यच आहे. त्यानंतर मागणीची नोंद होते, तिची पावती एका एनएफटीच्या (एकमेव अशा टोकनाच्या) रूपात तुमच्या पत्त्यावर येते, आणि रांगेत नंबर आल्यावर वेगळा व्यवहार करून इथर घ्यावे लागते. ती पावती म्हणजेच तुमचे पैसे आहेत. ती कोणाला पाठवू किंवा विकू नये.

पैसे केव्हाही परत काढता येतात का?

मागणी केव्हाही करता येते, पण इथर हाती येण्याची वेळ रांगेवर ठरते. एका वेळी किती व्हॅलिडेटरांनी बाहेर पडावे यावर नेटवर्कने मर्यादा घातलेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ही रांग ४० दिवसांच्याही पुढे गेली होती. घाई असेल, तर एसटीइथ बाजारात विकता येते, पण घाबरलेल्या बाजारात त्याला पूर्ण किंमत मिळेलच असे नाही. जून २०२२ मध्ये एक एसटीइथ ०.९५ इथरच्या आसपास घसरले होते. त्या काळी तर स्टेक केलेले इथर परत काढण्याची सोयच नव्हती, ती १२ एप्रिल २०२३ पासून सुरू झाली. मुलांच्या फीचे किंवा घराच्या हप्त्याचे पैसे स्टेकिंगमध्ये गुंतवू नयेत, ते याच कारणासाठी.

स्लॅशिंगमध्ये माझे इथर जाऊ शकते का?

व्हॅलिडेटरने एकाच वेळी दोन परस्परविरोधी सह्या केल्या, तर त्याच्या तारणातून दंड कापला जातो, आणि अनेक व्हॅलिडेटर एकाच वेळी असे वागले तर दंड वाढतो. केवळ संगणक बंद पडला, तर लहान कपात होते. सामायिक स्टेकिंगमध्ये हा भार सर्वांमध्ये वाटला जातो, त्यामुळे एका व्हॅलिडेटरच्या चुकीचा परिणाम फार जाणवत नाही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधील त्रुटी हा वेगळा आणि माझ्या मते अधिक गंभीर धोका आहे.

एका टेलिग्राम गटात स्टेकिंगवर रोज १ टक्का देतात. ते खरे असू शकते का?

नाही. इथेरियम स्टेकिंगचा परतावा अलीकडे वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे, आणि तोही इथरमध्ये. रुपयातील किंमत वरखाली होते ती वेगळीच. रोज १ टक्का चक्रवाढीने मिळाला, तर वर्षअखेर रक्कम ३७ पटींहून मोठी होईल. असा पैसा देऊ शकणारी कोणतीही यंत्रणा नेटवर्कमध्ये नाही, तो नव्या लोकांच्या रकमेतूनच दिला जातो आणि नवे लोक येणे थांबले की बंद होतो. महाराष्ट्रात गावोगावी साखळी योजनांमध्ये कष्टाचे पैसे बुडालेली कुटुंबे आहेत. त्याच योजना आता स्टेकिंग आणि 'लिक्विडिटी मायनिंग' ही नावे घेऊन येत आहेत. त्यातल्या काही योजना पैसे मागतही नाहीत. 'वॉलेट जोडा, पैसे तुमच्याकडेच राहतील' असे सांगून त्या केवळ एक 'अप्रूव्ह' करवून घेतात, सुरुवातीला थोडे पैसे देऊन विश्वास वाढवतात, आणि पत्त्यावर मोठी रक्कम जमली की ती उचलतात. नातेवाईक किंवा शेजारी यात अडकत असतील, तर त्यांना परवानगीची ती खिडकी प्रत्यक्ष दाखवावी.

पॉलिगॉन, कॉसमॉस किंवा सोलाना यांचे स्टेकिंग वेगळे असते का?

वेगळे असते. पॉलिगॉन हा २०१७ मध्ये मॅटिक या नावाने भारतीय तरुणांनी सुरू केलेला प्रकल्प, आणि त्याच्या चाचणी नेटवर्कचे नाव एप्रिल २०२४ पर्यंत 'मुंबई' होते. त्याच्या पीओएल टोकनाचे स्टेकिंग इथेरियमच्या मुख्य नेटवर्कवर होते, त्यामुळे शुल्क इथरमध्ये लागते; लहान रकमेला ते परवडते का, हे आधी पाहावे. कॉसमॉस हबवर केप्लरमधूनच व्हॅलिडेटर निवडून टोकन सोपवता येतात, पण काढून घेताना २१ दिवस थांबावे लागते, आणि व्हॅलिडेटरला दंड झाला तर तो तुमच्या वाट्यातूनही कापला जातो. सोलानावर ही मुदत साधारण दोन-तीन दिवसांची असते.

आधी खोट्या पैशांवर सराव करता येतो का?

येतो, आणि प्रत्येकाने करावा. सेपोलिया हे इथेरियमचे चाचणी नेटवर्क आहे, आणि स्टेकिंगच्या चाचण्यांसाठी मार्च २०२५ मध्ये हूडी हे नेटवर्क सुरू झाले. तेथील इथरला किंमत नसते आणि ते विनामूल्य मिळते. चाचणीचे इथर विकत देणारा भेटल्यास त्याच्याशी व्यवहार करू नये.

भारतात कर कसा लागतो?

१ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर, आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. खरेदी किंमत सोडून दुसरी वजावट मिळत नाही, म्हणजे गॅस शुल्क वजा होत नाही, आणि एका टोकनातील तोटा दुसऱ्या टोकनातील नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढील व्यवहारांवर १ टक्का टीडीएसही आहे. एका टोकनाच्या बदल्यात दुसरे घेणे हेही हस्तांतरणच आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण ३० टक्क्यांची चौकट कायम आहे.

स्टेकिंगच्या मोबदल्याचा मात्र कायद्यात स्वतंत्र उल्लेख नाही. मिळालेल्या दिवशीच्या बाजारभावाने तो इतर उत्पन्नात दाखवावा आणि पुढे विकताना तोच भाव खरेदी किंमत धरावा, ही सावध पद्धत अनेक सनदी लेखापाल सुचवतात. एसटीइथ रोज वाढत असल्यामुळे नोंदी फार होतात, आरइथमध्ये त्या कमी होतात, पण टोकन बदलून घेणे हेच हस्तांतरण ठरते का, हा प्रश्न दोन्हीकडे उरतो. मोठी रक्कम असेल, तर स्टेक करण्यापूर्वीच आपल्या लेखापालाशी बोलावे. प्रत्येक व्यवहाराची तारीख, संख्या, त्या दिवशीचा रुपयातील भाव आणि व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरील त्याचा ओळख क्रमांक) एका तक्त्यात लिहीत जावे, कारण एक्स्चेंजप्रमाणे वर्षअखेरचे विवरण येथे कोणी देत नाही.

पैसे चोरीला गेले, तर पहिले काय करावे?

उरलेले सर्व टोकन नव्या सीड फ्रेजच्या पत्त्यावर हलवावेत. त्यानंतर लगेच १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे. तक्रारीत चोराचा पत्ता, व्यवहाराचे हॅश, वेळ आणि संकेतस्थळाचा पत्ता द्यावा. चोरीचे टोकन एखाद्या एक्स्चेंजमध्ये पोहोचले, तर पोलिसांच्या पत्रावर ते गोठवले जाण्याची शक्यता असते, आणि ती शक्यता दर तासाला कमी होते. तक्रारीची चर्चा सार्वजनिक ठिकाणी केली, की 'पैसे परत मिळवून देतो' असे सांगणारे लोक संदेश पाठवू लागतात. ते दुसऱ्यांदा लुबाडण्यासाठी आलेले असतात.

माझ्या पश्चात घरच्यांना हे इथर कसे मिळेल?

ब्राउझर वॉलेटला नामनिर्देशनाची सोय नाही. मृत्युपत्रात इथरचा उल्लेख केल्याने वारसाचा हक्क सिद्ध होतो, पण सीड फ्रेज मिळाल्याशिवाय तो हक्क वापरता येत नाही. दुसरीकडे, प्रोबेटसाठी सादर झाल्यावर मृत्युपत्र अनेकांच्या नजरेखालून जाते, म्हणून सीड फ्रेज त्यात लिहू नये. कोणत्या वॉलेटमध्ये, कोणत्या नेटवर्कवर, कोणत्या पूलमध्ये काय आहे आणि ते परत काढण्याच्या पायऱ्या कोणत्या, हे साध्या मराठीत एका पत्रात लिहावे. सीड फ्रेजचा कागद कोठे आहे, हे त्या पत्रात न लिहिता जोडीदाराला किंवा सज्ञान मुलांना तोंडी सांगावे. एकदा त्यांना शेजारी बसवून त्या पत्राबरहुकूम थोडीशी रक्कम त्यांच्याच हाताने परत काढून घ्यावी. पत्रात एखादी पायरी राहून गेली असेल, तर ती तेव्हा लक्षात येते आणि दुरुस्त करता येते.